डॉक्टरांनी क्लिनिकल रिसर्चचं सर्टिफिकेशन करावं का, आणि करायचं तर कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमडी झालेले एक डॉक्टर तीन वर्षं सब-इन्व्हेस्टिगेटर म्हणून ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत, काम करतायत, जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल कशी करावी याचे नियम) ऑनलाइन ट्रेनिंग झालंय, पुढच्या स्टडीत पीआय, म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, ट्रायलचा मुख्य जबाबदार डॉक्टर, व्हायची संधी समोर आहे. त्यांचे सिनियर म्हणतात की सर्टिफिकेशन वगैरे कोऑर्डिनेटर (ट्रायलची रोजची कामं सांभाळणारे) आणि मॉनिटर (कंपनीकडून काम तपासायला येणारे) लोकांसाठी असतं, डॉक्टरला डिग्री आहे ना, तेवढी पुरे. तर परीक्षा द्यावी का, कुठली द्यावी, अभ्यास कसा करावा, त्याने नक्की फरक काय पडतो, आणि तीन वर्षं झाली तर आत्ताच बसावं का.

डॉक्टर, मी स्वतः बरीच वर्षं इन्व्हेस्टिगेटर म्हणून काम केल्यावर ही परीक्षा दिली, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. माझं उत्तर आहे की पीआय म्हणून खरंच काम करणार असाल तर द्या, आणि पीआय व्हायच्या आधी दिलीत तर जास्त चांगलं. नावापुढे चार अक्षरं वाढावीत एवढंच कारण असेल तर मात्र इतकी मेहनत करू नका, त्या अक्षरांकडे पेशंट बघत नाही आणि स्पॉन्सरसुद्धा (ट्रायल करवून घेणारी कंपनी) आधी तुमचा अनुभव, रिक्रूटमेंट आणि मागच्या ऑडिटमध्ये काय निघालं तेच बघतो.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू, कारण खूप डॉक्टर इथेच फसतात. जीसीपी ट्रेनिंगचं जे सर्टिफिकेट आपण फाइलला लावतो ते म्हणजे सर्टिफिकेशन नाही. ते काही तासांचं ट्रेनिंग असतं, शेवटी छोटी टेस्ट, नापास झालात तर तिथल्या तिथे परत देता येते. सर्टिफिकेशनमध्ये आधी तुमच्या प्रत्यक्ष कामाचे पुरावे तपासतात, मग देखरेखीखाली परीक्षा होते, आणि पास झाल्यावरही ठराविक वर्षांनी ते टिकवावं लागतं. ट्रेनिंग सगळ्यांनाच लागतं, सर्टिफिकेशन बहुतेक ठिकाणी सक्तीचं नाही, आणि ते म्हणजे ट्रायल करायचा परवाना पण नाही.

आता कुठली परीक्षा. जगभर दोन संस्था जास्त ओळखल्या जातात. एक एसीआरपी, म्हणजे असोसिएशन ऑफ क्लिनिकल रिसर्च प्रोफेशनल्स, १९७६ पासूनची. त्यांच्याकडे कोऑर्डिनेटरसाठी सीसीआरसी, मॉनिटरसाठी सीसीआरए आणि इन्व्हेस्टिगेटरसाठी सीपीआय अशा वेगवेगळ्या परीक्षा आहेत. दुसरी सोक्रा, म्हणजे सोसायटी ऑफ क्लिनिकल रिसर्च असोसिएट्स, १९९१ मध्ये सुरू झालेली, तिची सीसीआरपी ही एकच परीक्षा कोऑर्डिनेटर, मॉनिटर, डॉक्टर सगळे देतात. मोठा फरक अभ्यासक्रमात आहे. एसीआरपीची परीक्षा आयसीएच, म्हणजे औषध संशोधनाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी संस्था, तिच्या गाइडलाइन्स आणि हेलसिंकी जाहीरनामा (संशोधनातल्या नीतीचा) यांच्यावर उभी आहे, कुठल्याही एका देशाचा कायदा त्यात विचारत नाहीत. सोक्राच्या परीक्षेत अमेरिकेच्या औषध नियामकाचे, एफडीएचे, नियम बऱ्यापैकी येतात. तुम्ही अमेरिकन नियमांखाली ट्रायल करत असाल तर सोक्राचा अभ्यास रोज उपयोगी पडेल, नसाल तर डॉक्टर म्हणून मी सीपीआयच सुचवेन, कारण प्रश्न इन्व्हेस्टिगेटरच्या खुर्चीतून विचारलेले असतात.

एसीआरपीच्या परीक्षेचा ढाचा म्हणजे १२५ बहुपर्यायी प्रश्न आणि तीन तास, त्यातले २५ प्रश्न फक्त चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत, पण ते कुठले हे तुम्हाला कळत नाही. निकाल २०० ते ८०० च्या स्केलवर येतो आणि पास व्हायला ६०० लागतात. एसीआरपीचं सर्टिफिकेशन दर दोन वर्षांनी आणि सोक्राचं दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. अर्जाला पीआय किंवा सब-इन्व्हेस्टिगेटर म्हणून प्रत्यक्ष काम केल्याचा कागद लागतो. पात्रतेचे बारीक नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात चालू हँडबुक उघडून शब्द न शब्द वाचा, दोन वर्षांपूर्वी दिलेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

हे झालं बाहेरचं. आता सिनियर म्हणाले त्या मुद्द्याकडे येतो, डिग्री आहे ना, पुरे. मला मनापासून वाटतं की डिग्री आहे म्हणूनच डॉक्टरला ह्या अभ्यासाची जास्त गरज आहे. कोऑर्डिनेटर नवीन असतो तेव्हा त्याची पाटी कोरी असते, प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहिलंय तसं तो करतो. आपली पाटी कोरी नसते. समोर बसलेल्या माणसाला आज, आत्ता बरं वाटावं यासाठी निर्णय घ्यायची सवय आपल्या हाडात मुरलेली असते, आणि ओपीडीत तीच सवय आपली ताकद असते. ट्रायलमध्ये तीच सवय कुठे थांबवायची हे कळायला वेळ लागतो आणि कोणी ते नीट शिकवत नाही.

माझंच उदाहरण देतो. सुरुवातीच्या काळात ब्लड प्रेशरच्या औषधाची ट्रायल चालू होती आमच्याकडे. एक पार्टिसिपंट, साठीच्या आसपासच्या बाई, व्हिजिटला नाही तर अशाच मधल्या दिवशी ओपीडीत आल्या, गुडघे फार दुखतायत म्हणाल्या. मी सवयीने डायक्लोफेनॅक लिहून दिलं, दहा दिवसांचं, चिठ्ठीवर लिहिलं, ट्रायलच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ नोंदींत, काहीच नाही. पुढच्या व्हिजिटला त्यांनी पिशवीतून सगळ्या गोळ्या टेबलावर काढल्या तेव्हा आमच्या कोऑर्डिनेटरने अर्धी संपलेली ती स्ट्रिप उचलून माझ्याकडे बघितलं. प्रोटोकॉलमध्ये प्रतिबंधित औषधांच्या यादीत तो गट सरळ लिहिलेला होता, कारण ही वेदनाशामकं स्वतःच बीपी वाढवतात आणि बीपीच्या बऱ्याच औषधांचा परिणाम कमी करतात. म्हणजे त्या बाईंचं त्या महिन्याचं रीडिंग औषधाचं होतं की माझ्या गोळ्यांचं हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टर म्हणून मी काही भयंकर केलं नव्हतं, गुडघेदुखीला लोक हेच देतात. इन्व्हेस्टिगेटर म्हणून मी त्या बाईंनी दिलेला वेळ, सोसलेल्या टोचण्या, मारलेल्या खेपा यातला एक तुकडा वाया घालवला, आणि ती गोष्ट मला अजून लागते.

तेव्हा मॉनिटरशी मी वाद घातला होता की पेशंटच्या भल्यासाठी दिलं तर ते डेव्हिएशन, म्हणजे प्रोटोकॉल मोडणं, कसं. आज उत्तर माहीत आहे. जीसीपीची गाइडलाइन सांगते की पार्टिसिपंटला तातडीचा धोका असेल तर तो टाळण्यासाठी प्रोटोकॉल मोडायला आधी परवानगी लागत नाही, आधी माणूस वाचवा, मग लगेच लिहा आणि कळवा. गुडघेदुखी हा तातडीचा धोका नव्हता, आणि यादीत नसलेलं दुसरं औषध देता आलं असतं. "पेशंटच्या भल्यासाठी" आणि "तातडीचा धोका टाळण्यासाठी" ह्या दोन गोष्टींमध्ये जी जागा आहे, तिथेच डॉक्टरांचे निम्मे डेव्हिएशन्स होतात असा माझा अनुभव आहे.

आणि आपली क्लिनिकल समज पुरेशी का नसते याचं मला सगळ्यात जास्त हलवणारं उदाहरण म्हणजे कास्ट ट्रायल. हार्ट अटॅक नंतर ईसीजीवर व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक, म्हणजे हृदयाचे अवेळी पडणारे ठोके, दिसले की अशा पेशंटना अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड दिलं की ते एक्टोपिक थांबायचे, डोळ्यांसमोर ईसीजी स्वच्छ व्हायचा. कुठल्याही चांगल्या डॉक्टरने दिलंच असतं, आणि देतही होते. प्लासिबोशी तुलना केली तेव्हा १९८९ मध्ये ते दोन गट थांबवावे लागले, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जात होती. एकेका पेशंटकडे बघून हे कुठल्याच डॉक्टरला दिसलं नसतं, ते दिसायला प्लासिबोचा गट लागला, आणि तो गट शेवटपर्यंत प्रोटोकॉलप्रमाणे सांभाळणारे इन्व्हेस्टिगेटर लागले.

परीक्षेतला जो भाग डॉक्टरांना सोपा वाटतो आणि जिथे मार्क जातात तो म्हणजे सेफ्टी. सीरियस आणि सिव्हिअर ह्या दोन शब्दांवरून दरवेळी लोक पडतात. आपल्या बोलण्यात दोन्ही एकच, ट्रायलमध्ये पूर्ण वेगळे. सिव्हिअर म्हणजे त्रासाची तीव्रता, सीरियस म्हणजे परिणाम काय झाला ते, मृत्यू, जिवाला धोका, हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागणं किंवा मुक्काम लांबणं, कायमचं किंवा मोठं अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, आणि ज्यात यापैकी काही घडू नये म्हणून उपचार करावा लागला अशी वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची घटना. मायग्रेनने माणूस दिवसभर डोकं धरून बसला तर ते सिव्हिअर आहे पण सीरियस नाही. साधी डिहायड्रेशन, दोन बाटल्या सलाइन, रात्रभर ठेवून घेतलं, तर त्रास मध्यम असूनही भरती झाली म्हणून सीरियस. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन स्टडीत यायच्या आधीच ठरलेलं होतं, दुखणं वाढलेलं नाही, तर बहुतेक प्रोटोकॉल ती भरती एसएई (सीरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट, म्हणजे सीरियस त्रासाची घटना) धरत नाहीत, पण हे तुमच्या मनाने ठरवायचं नसतं, प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलंय ते बघायचं.

कळवण्याच्या मुदतीही पाठ हव्यात आणि त्या कोणासाठी आहेत तेही. एसएई झाली की इन्व्हेस्टिगेटरने स्पॉन्सरला लगेच कळवायचं, बहुतेक प्रोटोकॉलमध्ये २४ तास लिहिलेले असतात. पुढे ती अनपेक्षित असेल आणि औषधाशी संबंधाचा संशय असेल तर स्पॉन्सरने नियामकाला कळवायचं, मृत्यू किंवा जिवाला धोका असेल तर ७ दिवसांत आणि त्यानंतर सविस्तर रिपोर्टला आणखी ८ दिवस, बाकीच्यांना १५ दिवस. परीक्षेत ह्या मुदती मुद्दाम मिसळून देतात, इन्व्हेस्टिगेटरच्या पर्यायात ७ दिवस टाकलेले असतात आणि घाईत माणूस टिक करून मोकळा होतो.

यातच कार्यकारणभाव, म्हणजे कॉझॅलिटी. इथे मी तरुण इन्व्हेस्टिगेटर्सना फार कळकळीने सांगतो, "नॉट रिलेटेड" लिहायची घाई करू नका. पेशंटला आधीपासून डायबेटिस होता, वय होतं, म्हणून औषधाचा संबंध नाही, असं आपण दोन मिनिटांत लिहून टाकतो, कारण ओपीडीत सगळ्यात शक्य निदान पकडायची सवय असते. इथे प्रश्न वेगळा असतो, संबंध असण्याची वाजवी शक्यता आहे का एवढाच. तुम्ही किंवा स्पॉन्सर, दोघांपैकी एकाला जरी तसं वाटलं तरी ती केस संबंधित धरली जाते, आणि ते तसंच असायला हवं, कारण तुमच्या साइटवर, म्हणजे ट्रायल चालते त्या ठिकाणी, एक केस असते, तशाच पाच केसेस आणखी पाच साइटवर असू शकतात आणि तुम्हाला त्या दिसत नसतात. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ ची पहिली मानवी चाचणी झाली, सहा निरोगी माणसांना औषध काही मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ एक दिलं गेलं, पहिल्याला त्रास दिसायच्या आत पुढच्यांना डोस गेले होते, आणि सहाही जण आयसीयूत गेले. जीव वाचले सगळ्यांचे, पण आता पहिल्या माणसाला डोस देऊन थांबतात आणि वाट बघतात, ते त्यानंतर घट्ट झालेलं आहे. सेफ्टीचा धडा वाचताना हे डोक्यात असलं की मुदती पाठ कराव्या लागत नाहीत.

आता कन्सेंट, म्हणजे पार्टिसिपंटची समजून दिलेली संमती. अभ्यासाने माझ्या कामात सगळ्यात जास्त बदल इथे झाला, म्हणून जरा थांबून लिहितो.

आपले स्वतःचे पेशंट ट्रायलमध्ये येतात तेव्हा ते आपल्यावरच्या विश्वासाने येतात. एक आजोबा होते, दहा वर्षांपासूनचे पेशंट. कागद समोर ठेवला तर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगाल तिथे सही करतो, मला वाचायला कशाला लावता." पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं. त्या दिवशी मी पेन बाजूला ठेवलं, सगळं समजावलं आणि मग विचारलं, "आजोबा, ह्या अभ्यासात तुम्हाला कुठलं औषध मिळणार, सांगा बरं." ते लगेच म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी जे चांगलं निवडाल ते." अर्धा तास समजावूनही त्यांच्या डोक्यात हेच होतं. मग परत सांगितलं की मी निवडणार नाही, कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल, मला स्वतःला पण कळणार नाही कुठलं आहे ते. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला पण माहीत नसणार? मग मुलाशी बोलून येतो." दोन दिवसांनी आले आणि नको म्हणाले, आणि मी त्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. रिक्रूटमेंटमध्ये एक कमी झाला, पण मला विचाराल तर ती माझी आजवरची सगळ्यात नीट झालेली कन्सेंट प्रोसेस होती.

ह्या गैरसमजाला थेराप्युटिक मिसकन्सेप्शन म्हणतात, हा शब्द १९८२ पासून वापरात आहे. आपल्याला उपचार मिळतायत अशाच समजुतीत माणूस संशोधनात सही करतो. १९७९ च्या बेलमाँट रिपोर्टची सुरुवातच प्रॅक्टिस आणि रिसर्च यांच्यातली सीमा कुठे, इथून होते. तो रिपोर्ट आला टस्कीगीच्या प्रकरणानंतर, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत राहिले, पेनिसिलिन आल्यावर सुद्धा, आणि त्या लोकांना वाटत होतं की डॉक्टर आपल्यावर उपचार करतायत. १९४७ च्या न्यूरेंबर्ग कोडचा पहिला मुद्दा संमतीचा आहे, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा डॉक्टरांच्याच संघटनेने डॉक्टरांसाठी लिहिला, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो परत सुधारला आणि "सब्जेक्ट" जाऊन "पार्टिसिपंट" हा शब्द आला. परीक्षेला ही सालं क्वचित थेट विचारतात, पण हा इतिहास क्रमाने वाचलात तर कन्सेंटचं प्रत्येक कलम का आहे ते कळतं.

कागदाच्या बाजूने, पार्टिसिपंटने स्वतःच्या हाताने सही आणि तारीख घालायची, कोऑर्डिनेटरने आधीच तारीख टाकून ठेवायची नाही. ज्याने चर्चा केली त्यानेच सही करायची. वाचता येत नसेल तर पूर्ण चर्चेला निःपक्ष साक्षीदार हजर हवा, शेवटी सहीला बोलावलेला नको. एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं चालू व्हर्जनच वापरायचं. कन्सेंटच्या आधी स्टडीची कुठलीही टेस्ट नाही, आणि टेस्टसाठी उपाशी या म्हणून फोनवर सांगणं पण यात येऊ शकतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

डॉक्युमेंटेशनबद्दल आपण डॉक्टर सगळ्यात निष्काळजी, हे मान्य करायलाच हवं. अल्कोआ हा शब्द कानावरून गेला असेल, नोंद कोणी केली ते कळावं, वाचता यावी, त्याच वेळी केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. यातलं "त्याच वेळी" आपल्याला जड जातं. एका साइटच्या ऑडिटमध्ये असं निघालं होतं की पीआयने ज्या दिवशी लॅब रिपोर्ट तपासल्याची सही केली होती त्या दिवशी ते परदेशात कॉन्फरन्सला होते. हेतू वाईट नव्हता, परत आल्यावर ढीगभर सह्या केल्या आणि रिपोर्टचीच तारीख घातली, पण त्या एका तारखेमुळे बाकीच्या सगळ्या सह्यांवर प्रश्न आला. आज बघितलं तर आजचीच तारीख घाला, उशीर झाला असेल तर उशीर झाला असं लिहा. ईसीजीचं पण सांगतो, थर्मल पेपरवरची शाई काही वर्षांत उडते, त्यामुळे त्याच दिवशी प्रत काढून मूळ प्रतीशी जुळते अशी सही-तारीख घालून दोन्ही लावा, नाहीतर इन्स्पेक्शनच्या दिवशी फाइलमध्ये कोरा गुलाबी कागद निघतो.

डेलिगेशन लॉग, म्हणजे पीआयने कोणाला कुठलं काम दिलं त्याची यादी, हा हजेरीपट नाही. काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी देता येत नाही, हे वाक्य पाठ असतं सगळ्यांना, पण देखरेख केली हे दाखवायचं कसं हा प्रश्न आला की गडबडतात. आठवड्याला टीमची मीटिंग घेतली तर त्याची दोन ओळींची नोंद ठेवा, एसएई फॉर्मवर तुमचं स्वतःचं मत असू द्या, ज्याचं ट्रेनिंग झालं नाही त्याच्या नावापुढे काम लिहू नका.

स्टॅटिस्टिक्सला डॉक्टर घाबरतात, उगाच. गणितं करायला लावत नाहीत. पॉवर, टाइप वन आणि टाइप टू एरर, नॉन-इन्फिरिऑरिटी म्हणजे काय, इंटेन्शन-टू-ट्रीट का, एवढं अर्थासकट समजलं तर पुरतं. पण एक गोष्ट इथली रोजच्या कामाची आहे, पार्टिसिपंटने औषध बंद केलं म्हणजे तो स्टडीतून बाहेर पडला असं नाही. औषध थांबलं तरी व्हिजिट चालू ठेवता येतात, निदान फोनवर विचारपूस तरी, जोपर्यंत तो स्वतः नको म्हणत नाही तोपर्यंत. आपण मात्र गोळी बंद झाली की "विथड्रॉन" लिहून फाइल बंद करतो, आणि ज्यांना त्रास झाला नेमक्या त्याच लोकांची माहिती गळते. मग उरलेल्या आकड्यांत औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिन ट्रायलमध्ये ब्रॅडफर्ड हिल यांनी गट ठरवायला बंद पाकिटं वापरली, कारण पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधी कळलं तर डॉक्टर नकळत निवड करतो हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी सगळं आपल्या त्याच सवयीपाशी येतं.

अभ्यासाचं म्हणाल तर नोकरी आणि ओपीडी सांभाळून तीन-चार महिने धरा. आयसीएचच्या ई६, ई२ए, ई८, ई९, ई११ आणि हेलसिंकी, हे मूळ मजकूर वाचा, नोट्सवर भागवू नका, कारण प्रश्न मूळ शब्दांवरून येतात. ई६, म्हणजे जीसीपीची गाइडलाइन, पहिल्यांदा १९९६ ची, मग २०१६ ची सुधारित आर२, आणि जानेवारी २०२५ मध्ये आर३ अंतिम झाली, रचना बरीच बदलली आहे. तुमच्या परीक्षेच्या तारखेला कुठलं व्हर्जन लागू आहे ते आधी बघा, जुन्या व्हर्जनचे प्रश्नसंच इंटरनेटवर भरपूर पडलेत.

माझी पद्धत अशी होती की एक कलम वाचायचं आणि लगेच आपल्या साइटची फाइल उघडून तिथे ते कुठे दिसतं ते शोधायचं. औषधाचा हिशेब वाचला की ड्रग अकाउंटेबिलिटी लॉग काढायचा, आलेल्या, दिलेल्या, परत आलेल्या गोळ्या स्वतः मोजून बघायच्या. असं केलं की विसरत नाही. आणि कोऑर्डिनेटरबरोबर बसा. आमच्या कोऑर्डिनेटरने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळालं नाही, फक्त डॉक्टर म्हणून विचारायला संकोचू नका.

परीक्षेत बसल्यावर १२५ प्रश्नांना १८० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटापेक्षा थोडं कमी. "सगळ्यात आधी काय कराल" असे प्रश्न बरेच असतात, तिथे आधी पार्टिसिपंटची सुरक्षितता, मग नोंद, मग कळवणं हा क्रम धरा. तुमच्या साइटवर कसं चालतं किंवा तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो त्यावरून एसीआरपीचं उत्तर देऊ नका, गाइडलाइन काय म्हणते तेच द्या. मी पहिल्या सराव परीक्षेत जिथे चुकलो ते जवळपास सगळे प्रश्न "आमच्याकडे असंच करतात" म्हणून चुकले होते.

पास झाल्यावर रिन्यूअलला लागणारे ट्रेनिंगचे तास शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, वर्षभर थोडे थोडे करत जा आणि प्रत्येकाचा पुरावा त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका.

तुमचा शेवटचा प्रश्न, तीन वर्षं झाली तर आत्ताच बसू का. त्या तीन वर्षांत स्वतः कन्सेंट घेतलेत, एसएई स्वतः लिहिल्यात, निदान एक स्टडी इनिशिएशनपासून क्लोज-आउटपर्यंत बघितलीत, तर पुढच्याच परीक्षेला अर्ज करा. नाव डेलिगेशन लॉगवर होतं पण काम दुसरेच करत होते असं असेल तर अजून सहा महिने थांबा आणि चालू स्टडीत ही तिन्ही कामं पीआयकडून स्वतःकडे मागून घ्या. आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी अर्ज भरायच्या आधी एक संध्याकाळ काढून तुम्ही घेतलेले शेवटचे पाच कन्सेंट फाइलमधून काढा, व्हर्जन, सह्या, तारखा आणि सोर्समधली चर्चेची नोंद एकेक तपासा. जिथे अडाल तिथून अभ्यासाला सुरुवात करा.